नाव बदलले तरी काम चालूच

आपण दिलेली आज्ञा वाचून ती संगणकाकडून पार पाडून घेणाऱ्या प्रोग्रॅमला ‘शेल’ म्हणतात. शेल म्हणजे कवच. हे नाव फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझँ यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत काम करताना दिले. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीतही शेल हा इतरांसारखाच एक प्रोग्रॅम होता. म्हणून एकाच वेळी अनेक शेल चालवणे शक्य झाले.

पण टर्मिनलला पडदा एकच. त्यावर अनेक शेल मावणार कसे? याचे एक उत्तर मजकूर-संपादकात सापडले. रिचर्ड स्टॉलमन यांनी गाय स्टील यांच्यासह १९७६ मध्ये एमआयटीत ‘ईमॅक्स’ घडवला. १९८१ मध्ये जेम्स गॉस्लिंग यांनी युनिक्ससाठी त्याची आवृत्ती लिहिली आणि १९८५ मध्ये स्टॉलमन यांचा ‘जीएनयू ईमॅक्स’ आला.

ईमॅक्समध्ये प्रत्येक मजकूर ‘बफर’ या जागेत राहतो आणि प्रत्येक बफराला नाव असते. शेलही अशाच एका बफरात बसतो. आपली आज्ञा संपादक शेलकडे पाठवतो आणि उत्तर त्याच बफरात लिहितो. त्यामुळे सारा संवाद आपल्याला इतर मजकुरासारखा शोधता येतो, उतरवून घेता येतो.

अडचण पुढेच आहे. ‘शेल’ ही आज्ञा पुन्हा दिली, तर ईमॅक्स नवा शेल न उघडता आपल्याला जुन्याच बफरात नेतो. कारण ते नाव आधीच वापरात असते. दुसरा शेल हवा, तर पहिल्याचे नाव बदलावे किंवा नव्याला आरंभीच वेगळे नाव द्यावे. संपादकाला केवळ क्रमांक जोडूनही वेगळे नाव करता येते. मात्र ‘शेल २’ यावरून आत कोणते काम चालले आहे, हे आपल्याला कळत नाही.

ते कळणे महत्त्वाचे आहे. समजा, एक शेल आपल्या संगणकावर आहे आणि दुसरा दूरच्या संगणकाला जोडलेला आहे. दोन्ही दिसायला सारखेच. युनिक्समधील फाइल पुसण्याची ‘आरएम’ ही आज्ञा सहसा ‘खात्री आहे ना?’ असे विचारत नाही. चुकीच्या शेलमध्ये ती दिली, तर भलतीच फाइल जाते. ‘निकाल’, ‘ग्रंथालय’ अशी कामावरून दिलेली नावे हा धोका कमी करतात.

एक प्रयोग वर्गात करून पाहू. शेलला साठ सेकंद थांबण्याची ‘स्लीप ६०’ ही आज्ञा द्या आणि लगेच बफराचे नाव बदला. मिनिटाने शेल नव्या नावाच्या बफरातच पुढची आज्ञा मागेल. शेल बफराला जोडलेला असतो, त्याच्या नावाला नव्हे. नाव असते ते आपल्यासाठी.