पोच घ्यावी की पुढं जावं?

जुन्नर तालुक्याच्या वायव्येला, माळशेज घाटाच्या वाटेवर मढ हे गाव आहे. पावसाळ्यातल्या सुटीच्या दिवशी या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली की काय होतं, हे मढकरांना सांगायला नको. रस्ता तोच, गाड्याही चांगल्या. पण प्रत्येक जण पुढं घुसू पाहतो आणि कुणीच सरकत नाही.

संगणकांच्या जाळ्यातही एकदा असंच झालं. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. अंतर जेमतेम ४०० यार्ड. बिघाड तारेत नव्हता, नियमांत होता. या नियमांनाच प्रोटोकॉल म्हणतात.

व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये ज्याची मांडणी केली, तो टीसीपी हा नियम पूर्वीच्या रजिस्टर ए.डी. पत्रासारखा आहे. माहितीची छोटी पाकिटं करायची, पाठवायची आणि पोच आली नाही तर पुन्हा पाठवायची. गर्दीमुळं पोच रखडली की यंत्रं तीच पाकिटं पुन्हा सोडत आणि गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला: सुरुवात थोड्या पाकिटांनी करा, पोच येत गेली तर वाढवा, पाकीट हरवलं तर हात आखडा. आपल्याकडं १९८६ मध्येच ‘अर्नेट’ हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला होता. मुंबईची आयआयटी आणि नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्था त्यात होत्या.

पुढची अडचण वेगळीच होती. मूळ टीसीपीत पोच न घेता एका वेळी जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट पाठवता येत. आता ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहामार्फत संदेश जाऊन पोच परत यायला अर्धा सेकंद लागतो. म्हणजे वाहिनी कितीही रुंद असली, तरी सेकंदाला सुमारे १ मेगाबिटच्या पुढं मजल जाणार नाही! १९९२ मध्ये ही मर्यादा वाढवण्याची सोय झाली, तेव्हा कुठं रुंद वाहिन्यांचा उपयोग होऊ लागला.

पण पोच घेणं हाच नियम सगळीकडं योग्य आहे का? याचं उत्तर जुन्नर तालुक्यातच मिळतं. मढहून ओतूरमार्गे नारायणगावला आलं आणि पूर्वेला वळलं, की खोडदची ‘जीएमआरटी’ दुर्बीण लागते. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. काही मध्यभागी, काही तीन दिशांना दूरवर, सारा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. आकाशातून आलेल्या रेडिओलहरी प्रकाशतंतूंमधून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तिथं त्यांचे आकडे होतात.

२०१० च्या दशकात दुर्बिणीचं नूतनीकरण झालं आणि एका वेळी टिपता येणारा लहरींचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. एवढा पट्टा टिपायला सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक तबकडीचे दोन, असे एकूण ६० प्रवाह. नमुन्याला अर्धा बाइट धरला, तरी सेकंदाला २,४०० कोटी बाइट. पाच डीव्हीडी भरतील इतके!

इथं पोचेची वाट पाहायला वेळ कुणाला? नारायणगावहून निघालेल्या गाडीतले चार टोमॅटो चेंगरले तर चालतं, पण गाडी उशिरा पोचून चालत नाही. नमुन्यांचंही तसंच. एखादं पाकीट हरवलं तर फारसं बिघडत नाही, उशिरा आलेलं मात्र निरुपयोगी. म्हणून नमुने घेणाऱ्या यंत्रांकडून संगणकांकडं माहिती जाते ती १० गिगाबिटच्या इथरनेटवरून, यूडीपी या १९८० मधल्या साध्या नियमानं. पोस्टकार्ड टाकावं आणि पुढं जावं, तसा तो आहे.

त्यानंतर ३० तबकड्यांची प्रत्येक जोडी, म्हणजे ४३५ जोड्या, ताडून पाहायच्या असतात. त्यासाठी प्रत्येक संगणकाला इतर सगळ्यांकडची माहिती लागते. तिथं इन्फिनिबँड हे तिसरं तंत्र येतं. घेणारा आधी ‘माझ्याकडं इतकी जागा आहे’ असं कळवतो आणि देणारा तेवढंच पाठवतो. जागेअभावी काही सांडण्याचा प्रश्नच उरत नाही.

मात्र तयार झालेली फाइल शास्त्रज्ञाकडं पाठवायची तर पुन्हा पोच हवीच. सातबाऱ्यावरचा एक आकडा गळाला तर उतारा काय कामाचा? २०२३ मध्ये विश्वातल्या गुरुत्वीय लहरींच्या गुंजनाचा पुरावा जगासमोर आला, त्यात खोडदच्या निरीक्षणांचाही वाटा होता. स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांतला सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही लहान फरक तिथं मोजावा लागतो.

वेगवान जाळ्याचा इतिहास बहुधा तारांचा आणि प्रकाशतंतूंचा म्हणून सांगितला जातो. खरं तर तो काय गमावलं तरी चालेल, हे ठरवण्याचा इतिहास आहे. २०२१ मध्ये प्रमाण ठरलेल्या ‘क्विक’ नियमानं यूडीपीच्या पोस्टकार्डावरच पोचेची सोय बसवली. आज मढमध्ये कुणी मोबाइलवर चित्रफीत लावली, तर ती बहुधा याच नियमानं घाट चढून आलेली असते.