फुप्फुसांच्या वाट्याला आलेली गोळी

सिल्डेनाफिल म्हटलं की लोकांना व्हायग्राच आठवते. पण त्याच औषधाची २० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेणाऱ्यांत तरुण मुली आहेत, बाळंतपणानंतर दम लागू लागलेल्या बायका आहेत, शाळकरी पोरं आहेत. त्यांच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या जाड आणि अरुंद झालेल्या असतात. त्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकत जाते. दंडाला पट्टा बांधून फुप्फुसांतलं हे वाढलेलं प्रेशर कळत नाही. टू-डी एकोत शंका येते आणि उजव्या हृदयात नळी घातल्यावर खात्री होते. तोवर अनेकांचे दम्याचे, रक्तवाढीचे उपचार झालेले असतात. ‘मनाला फार लावून घेते’ हेही ऐकून झालेलं असतं.

जर्मन डॉक्टर रोमबर्ग यांनी १८९१मध्ये शवविच्छेदनात अशा जाड झालेल्या वाहिन्या पाहिल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं या आजाराकडे कोणी फारसं वळलं नाही. जगाचं लक्ष गेलं तेही एका औषधाने तो लोकांना जडवला तेव्हा. १९६५च्या सुमारास स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत अमिनोरेक्स नावाची भूक मारणारी गोळी विक्रीला आली. वजन उतरवायला ती घेणारी माणसं धापा टाकत दवाखान्यांत येऊ लागली. गोळी बाजारातून काढावी लागली आणि १९७३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हात या आजारावर पहिली बैठक बोलावली. पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेत रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यात निदानानंतर निम्मे रुग्ण तीन वर्षंही काढत नव्हते.

पहिलं खरं औषध १९९५मध्ये मंजूर झालं, ते इपोप्रोस्टेनॉल. त्याचा असर काही मिनिटांत ओसरतो. म्हणून छातीतून शिरेत नळी कायमची बसवायची, पंप चोवीस तास अंगावर वागवायचा आणि औषध तेव्हा बर्फाच्या पिशव्यांत गार ठेवावं लागे. आपल्याकडच्या रुग्णांपर्यंत हा उपचार नीट पोचलाच नाही.

सिल्डेनाफिल जन्मलं ते इंग्लंडमधल्या सँडविच गावी, फायझरच्या प्रयोगशाळेत. हेतू होता हृदयशूळाचा. तिथे ते कमी पडलं, पण चाचणीतल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला आणि १९९८मध्ये व्हायग्रा आली. त्याच वर्षी, नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या सैल करतं हे दाखवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. सिल्डेनाफिल हाच परिणाम टिकवून धरतं. तो मोडणारं विकर फुप्फुसांतही भरपूर असल्याने डॉक्टरांनी ही गोळी फुप्फुसांसाठी वापरून पाहिली.

२००५मध्ये २७८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. कसोटी साधी होती. दवाखान्याच्या सपाट व्हरांड्यात रुग्णाने सहा मिनिटं आपल्या चालीने चालायचं, दम लागला तर भिंतीला टेकून थांबायचं, पण घड्याळ थांबत नाही. शेवटी मीटर मोजायचे. १२ आठवड्यांनी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, औषधाने सुमारे ४५ मीटरचा फरक पडला. ८० मिलिग्रॅमने २०पेक्षा फारसं जास्त साधलं नाही, म्हणून २०चीच मात्रा ठरली. ४५ मीटर म्हणजे अंगणातून रस्त्यापर्यंत जाऊन येणं. अंथरुणाला खिळत चाललेल्या बाईसाठी ते फार मोठं आहे.

भारतात २००५पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं. आपल्या कंपन्यांनी सिल्डेनाफिल आधीच बनवलं होतं, त्यामुळे गोळी स्वस्त झाली. असल्या स्वस्त गोळीचं मोल कोलंबियातल्या बारान्किया शहरात दिसलं. जन्मतःच फुप्फुसांत प्रेशर असलेल्या बाळांना नायट्रिक ऑक्साइड वायू देतात, पण तो महाग आहे आणि तिथे नव्हता. डॉक्टरांनी गोळीचं द्रावण करून बाळांना नळीने पोटात दिलं. १३ बाळांच्या त्या छोट्या चाचणीत औषध मिळालेल्या ७ पैकी ६ जगली, न मिळालेल्या ६ पैकी १.

तरी या गोळीची चिठ्ठी मेडिकलमध्ये देताना बायकांना काउंटरवरची नजर सोसावी लागते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘फुप्फुसांसाठी’ एवढं लिहिलं तरी ती टळेल. हृदयासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने ही गोळी घेऊ नये, हेही प्रत्येकाला स्पष्ट सांगायला हवं.

गोळी वाहिन्या सैल करते, जाड झालेल्या भिंती पूर्ववत करत नाही. त्या भिंतींवर काम करणारं सोटाटरसेप्ट मार्च २०२४मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, आणि एका कुपीला सुमारे १४,००० डॉलर. आपल्याकडे मात्र या आजाराकडे नेणारी एक वाट वेळीच बंद करता येते. जन्मतः हृदयात मोठं छिद्र असलेल्या मुलाची शस्त्रक्रिया रखडली, तर जादा रक्ताने फुप्फुसांच्या वाहिन्या कायमच्या बिघडतात. एका टप्प्यानंतर छिद्र बुजवणंच जिवावर बेततं आणि मग गोळीच उरते. अशी मुलं अंगणवाडीत आणि शाळेत शोधायची योजना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरहून सुरू झाली. पथकाने छातीला स्टेथोस्कोप लावला आणि आवाज वेगळा वाटला, तर एको त्याच महिन्यात झाला पाहिजे.