इंजिनाचा दिवा लागला, पुढे काय?

डॅशबोर्डवरील इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की मोटारमालक सहसा दोनपैकी एक मार्ग पत्करतो. एक तर गाडी तडक गॅरेजमध्ये नेऊन किल्ली हवाली करतो, नाहीतर ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला स्कॅनर मोबाइलला जोडून स्वतःच मेकॅनिक होतो. दोन्ही मार्गांत खिशाला चाट बसते ती बहुधा एकाच गैरसमजापायी. स्कॅनरने दाखवलेला 'कोड' म्हणजेच बिघाडाचे निदान, असे मानले जाते. वस्तुतः तो केवळ लक्षण सांगतो.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. १९८३ च्या अखेरीस रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या तीन सिलिंडरच्या, कार्बोरेटरवर चालणाऱ्या इंजिनाला एक स्क्रू-ड्रायव्हर आणि प्लगपाना पुरत असे. गाडी 'मिसिंग' करू लागली, की चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर काढून पाहायची. जी काढल्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर निकामी. हा प्रयोग आजच्या गाडीवर करू नये. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या इंजिनात त्यामुळे जबर झटका बसू शकतो आणि महागडा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलही जळू शकतो.

इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे गेल्यावर बिघाडाची नोंदही तोच ठेवू लागला. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सर्व मोटारींना 'ओबीडी-२' ही प्रणाली सक्तीची झाली. भारतात ती एप्रिल २०१३ पासून बीएस-४ मोटारींना लागू झाली. स्टिअरिंगखालच्या भागात सोळा पिनांचे सॉकेट असते, त्यात स्कॅनर बसतो. मूळ कोड सर्व कंपन्यांना समान आहेत. काही मात्र कंपनीगणिक बदलतात आणि तेथे स्वस्तातला स्कॅनर अडतो.

'पी ०१७१' हा नेहमी भेटणारा कोड घेऊ. इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ. हा निष्कर्ष ऑक्सिजन सेन्सरच्या नोंदीवरून निघतो, म्हणून अनेकदा आधी तो सेन्सरच बदलला जातो. दिवा विझतो आणि काही दिवसांनी पुन्हा लागतो. कारण दोष एखाद्या तडकलेल्या रबरी पाइपमध्ये, हवा मोजणाऱ्या मळक्या सेन्सरमध्ये किंवा थकलेल्या पेट्रोल पंपात असतो. निरोप आणणाऱ्यालाच शिक्षा देण्याचा हा प्रकार !

याउलट काही निदान घरच्या घरी, बिनखर्चात होते. 'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. गाडी बंद करून, इंजिन थंड झाल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी. कोड पुसून गाडी थोडी चालवल्यावर 'पी ०३०२' दिसला, तर दोष कॉइलचा. पहिलाच कोड कायम राहिला, तर प्लग किंवा इंजेक्टरकडे वळावे. मात्र कोड पुसण्यापूर्वी स्क्रीनचे छायाचित्र घ्यावे. बिघाडाच्या क्षणीचा वेग, तापमान यांची नोंदही त्यासोबत पुसली जाते आणि मेकॅनिकला नेमकी तीच हवी असते.

कॉम्प्रेशन तपासणे, टायमिंग चेन, डिझेलचे इंजेक्टर ही कामे मात्र हौशी माणसाची नव्हेत. कॉमन रेल डिझेलमध्ये इंधनाचा दाब हजार बारच्या वर जातो. गळतीची बारीक धार त्वचा भेदून आत शिरते. पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर मिसिंग तीव्र आहे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळण्याचा धोका आहे. ऑइलचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा चढला, तर गाडी तेथेच थांबवावी. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी तर पुन्हा सुरू करून पाहूच नये. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील प्रलयासारख्या प्रसंगी सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही. किल्ली फिरवताच कनेक्टिंग रॉड वाकतो.

गॅरेजवर विश्वास ठेवायचा, तर कोणत्या, हाही प्रश्न उरतोच. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू देत नसल्याचा ठपका ठेवून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. त्याला पुढे न्यायालयीन आव्हान मिळाले. नाक्यावरचा मेकॅनिक अंदाजाने भाग बदलतो, त्यामागे हेही एक कारण आहे. अधिकृत केंद्रात उपकरणे असतात. पण तेथे गाडी तपासणारा आणि ग्राहकाशी बोलणारा बहुधा वेगवेगळा असतो, आणि तक्रार जॉब कार्डावर 'पिकअप कमी' एवढ्या दोन शब्दांत उरते.

म्हणून ग्राहकाने 'सेन्सर बदला' असे सांगू नये. गाडी थंड असताना अडते की तापल्यावर, एसी लावल्यावर की चढावर, हे लिहून द्यावे. शक्य असल्यास मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारावी. अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि बदललेला जुना भाग परत द्यावा, असे काम सुरू होण्यापूर्वीच सांगावे. बिल झाल्यावर मागितला, तर तो बहुधा भंगारात गेलेला असतो.