नळ

हेसरघट्ट्याला गेलात तर विटांच्या कमानी पाहून या. 1894 च्या चामराजेंद्र जलयोजनेत अर्कावती नदीवरच्या तलावाचं पाणी बंगळुराकडे निघालं, ते या कमानींवरच्या जलसेतूवरून. विटांच्या सांध्यांत आता गवत माजलंय. थाट मात्र अस्सल रोमन!

बंगळुरात घरच्या तोटीला ‘नल्ली’ म्हणतात. आपल्या नळ-नळीच्या गोतावळ्यातलाच हा शब्द. संस्कृतात ‘नड’ किंवा ‘नल’ म्हणजे पाणथळीत उगवणारा पोकळ बोरू. आतून पोकळ ते सारं मग त्याच्या नावावर चढलं : नळी, नळकांडं, बाळाची नाळ, वैद्याची नाडीसुद्धा. गंमत अशी, की रोमनांनीही तेच केलं. लॅटिनमध्ये ‘कॅना’ म्हणजे बोरू, त्यावरून ‘कॅनालिस’, आणि इंग्रजांमार्फत आपल्या पाटबंधारे खात्याचा ‘कॅनॉल’.

मराठीने तर ‘नळ’ हा शब्द चांगलाच ताणला. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं, ते दगडी बांधणीच्या भुयारातून. माणूस आत चालत जाईल एवढं ते रुंद-उंच. तरी पुणेकरांच्या लेखी तो कात्रजचा ‘नळ’च.