असईच्या तोफा आणि माझा स्कोप : बिघाड नेमका कुठे होता?

ज्यांना बसमध्ये, लेक्चरमध्ये किंवा बॉसच्या समोर हेडफोन लावता येत नाहीत, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. आजचा विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या एका फजितीपासून करावी लागेल. आणि ती जरा टेक्निकल आहे, तेव्हा पाच मिनिटं सहन करा.

मी एक नवा स्कोप घेतला. स्कोप म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण. रायफल साधीच, .१७७ ची स्प्रिंगवाली एअर रायफल. सुट्टीत पुण्याहून गावी आलो आणि भोकरदन तालुक्यात काकांच्या शेतात, मागे मातीचा उंच बांध बघून, १० मीटरवर पुठ्ठा लावला. छर्रे निशाणाच्या तीन सेंटिमीटर खाली लागत होते. काही हरकत नाही, त्यासाठीच तर स्कोपवर टरेट असतो. टरेट म्हणजे वरची ती गोल फिरकी. फिरवली की कट कट क्लिक होतात आणि निशाण वर-खाली सरकतं. बाजूला तशीच दुसरी असते, ती डावी-उजवीकडे सरकवते.

माझ्या स्कोपचा एक क्लिक म्हणजे पाव मिनिट कोन. १०० यार्डांवर साधारण पाव इंच. १० मीटरवर तो होतो जेमतेम ०.७ मिलिमीटर, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या छर्र्याच्या भोकापुढे एक क्लिक दिसणारच नाही. म्हणून एकदम २० क्लिक वर दिले. साधारण १४-१५ मिलिमीटर फरक पडायला हवा. पडला शून्य. अजून २० दिले. परत शून्य. मग दोन छर्रे मारले आणि तिसरा अचानक टुणकन वर! काका बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "अरे, नवीन घेतलास ना? मग फिरकीच खराब निघाली, दे परत."

मलाही तसंच वाटलं. पण कोड लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते. पहिला संशय ज्याच्यावर येतो त्याच्यावर लगेच गुन्हा दाखल करायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी स्वतःला तपासलं. रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवून पाच छर्रे मारले, पाचही जवळजवळ लागले. म्हणजे हात ठीक. माउंटचे स्क्रू बघितले, घट्ट होते. मग बाजूची फिरकी २० क्लिक उजवीकडे. छर्रा बरोबर दीड सेंटिमीटर उजवीकडे! म्हणजे आतली यंत्रणा मेलेली नाही, फक्त वरच्या दिशेला अडतेय. मग वरची फिरकी टोकापासून टोकापर्यंत क्लिक मोजत फिरवली आणि कळलं की मी वरच्या टोकाला जाऊन टेकलोय.

आत काय होतं ते सांगतो, कारण पुढे हेच लागणार आहे. स्कोपच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते, एका टोकाला टेकलेली. दुसऱ्या टोकाला वरून टरेटचा स्क्रू दाबतो आणि समोरून स्प्रिंग रेटते. 'वर' फिरवलं की स्क्रू मागे सरतो आणि स्प्रिंग नळीला त्याच्या मागे ढकलते. टोकापाशी गेलं की स्प्रिंग सैल पडते. मग नळी तिथेच चिकटून राहते आणि रायफलच्या एखाद्या धक्क्याने एकदम उडी मारते. माझी नळी टोकाला का गेली? कारण रायफलची नळी पुढे किंचित झुकलेली होती. मोडून छर्रा भरायच्या रायफलींमध्ये हे बऱ्याचदा असतं. दोष फिरकीचा नव्हता, बैठकीचा होता. कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी कापून मागच्या रिंगखाली सरकवली, फिरकी मध्यावर आणली, आणि २० क्लिकला बरोबर दीड सेंटिमीटर मिळायला लागलं.

आता इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण थोडा दोष खरंच फिरकीत होता. वरून खाली येऊन पुन्हा त्याच आकड्यावर गेलं की चार-पाच मिलिमीटरचा फरक पडायचा, टिचकी मारली की जागेवर यायचा. तेवढ्यासाठी स्कोप परत पाठवलाय. पण काकांचं आणि माझं पहिलं निदान बहुतांश चुकीचंच होतं.

तर आता इतिहास. ज्या शेतात हे चाललं होतं तिथून असई फार लांब नाही. असई आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदन आणि जाफराबादच्या पट्ट्यात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला इथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांची फौज एका बाजूला, आणि आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे नेपोलियनला वॉटर्लूला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, दुसऱ्या बाजूला. आपण हरलो. आणि का हरलो याचं जे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आलोय ते हे : "त्यांच्याकडे मॉडर्न तोफा होत्या रे, आपल्याकडे जुनाट." म्हणजे फिरकी खराब होती, दे परत.

तपासूया.

तोफेचा नेम वर-खाली कसा करायचे? तोफेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या असतात, त्यांवर ती गाड्यावर झुलते. मागचं बूड जड असतं. जुन्या पद्धतीत या बुडाखाली लाकडी पाचर ठोकायची. पाचर आत सरकवली की बूड वर, तोंड खाली. पाचर ओढली की उलट. अडचण अशी की प्रत्येक बारानंतर तोफ उसळते, पाचर हलते, आणि पुन्हा अंदाजाने ठोकत बसायचं. यावरचा उपाय म्हणजे स्क्रू. बुडाखाली आटे पाडलेला उभा स्क्रू, त्याला मूठ. फिरवा, बूड सावकाश उचललं जातं, सोडलं तिथेच राहतं. फ्रान्समध्ये १७६५ पासून ग्रिबोव्हालने जी नवी तोफखान्याची पद्धत आणली, त्यात असा स्क्रू होता. माझ्या स्कोपच्या टरेटचा हा सरळ आजोबा. तसाच एका बाजूला टेका, दुसऱ्या बाजूला स्क्रू. फक्त स्प्रिंगचं काम इथे तोफेचं वजन करतं, त्यामुळे ती माझ्यासारखी अडकत नाही!

मग शिंद्यांच्या तोफांना पाचर होती की स्क्रू?

महादजी शिंद्यांनी १७८४ च्या सुमारास द बॉयन नावाच्या सॅव्हॉयच्या माणसाला नोकरीवर घेतलं. त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या, ज्यांना आपण 'कंपू' म्हणतो. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर त्याच्यासाठी तोफा ओतत होता. द बॉयन १७९५-९६ मध्ये परत गेला, पण कंपू आणि कारखाने राहिले. असईला अँथनी पोहलमन या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली जो मुख्य कंपू लढला, तो याच फौजेतला.

असईच्या १२ दिवस आधी, ११ सप्टेंबर १८०३ ला, दिल्लीजवळ शिंद्यांच्या दुसऱ्या फौजेला जनरल लेकने हरवलं आणि तिच्या तोफा पकडल्या. इंग्रजांनी त्यांची तपासणी करून यादी केली. ती यादी म्हणजे आपल्या भाषेत फुल इन्स्पेक्शन रिपोर्ट. पितळी तोफा हिंदुस्थानातच ओतलेल्या, काहींवर मथुरेचं नाव, काहींवर उज्जैनचं. मापं फ्रेंच पद्धतीची. कारागिरी कंपनीच्या स्वतःच्या शस्त्रागारातल्या मालाच्या तोडीची. काही चार पौंडी तोफांत तर आत घडीव लोखंडाची नळी आणि बाहेरून पितळ ओतलेलं, इतकं एकजीव की फक्त रंगावरून सांधा कळावा. आणि हो, नेमासाठी स्क्रू, उत्तम बनावटीचे. हे शत्रूने लिहिलंय, तेही जिंकल्यावर. असईला पकडलेल्या पितळी तोफांचंही वेलस्लीने स्वतः कौतुक केलं.

म्हणजे फिरकी ठीक होती. मग हात? गोलंदाज?

लढाईचा दिवस बघा. दोन दिवस आधी, २१ तारखेला, आपल्या बदनापूरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन भेटले आणि वेगवेगळ्या वाटांनी जाऊन २४ ला एकत्र हल्ला करायचं ठरलं. पण २३ ला वेलस्लीला शिंद्यांची फौज अपेक्षेपेक्षा खूप आधी, अगदी पुढ्यात सापडली. त्याच्याजवळ सुमारे ७,००० माणसं. समोर नुसतं कवायती पायदळच १०,००० च्या वर, १०० च्या आसपास तोफा आणि प्रचंड घोडदळ. वाटाडे म्हणाले, केळनेला इथे उतार नाही. त्याने दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ठरवलं की समोरासमोर गावं आहेत म्हणजे मध्ये पायउतार असणारच. होता! (आपल्याकडच्या कुठल्याही आजीने हे न बघता सांगितलं असतं.) नदी ओलांडतानाच मराठी तोफेच्या गोळ्याने त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं उडवलं. नेम काय होता ते यावरून समजा.

वेलस्लीचा हिशोब असा की आपण बाजूने घुसतोय, समोरच्यांना तोंड फिरवायला वेळ मिळणार नाही. पोहलमनने ती अख्खी रांग, तोफांसकट, काटकोनात फिरवली. कवायत इतकी चोख की वेलस्लीलाही ते अपेक्षित नव्हतं. मग मराठी तोफांनी सुरुवातीलाच इंग्रजांच्या तोफा बंद पाडल्या, त्या ओढणारे बैल आणि गोलंदाज मारले. वेलस्लीला आपल्या तोफा मागेच टाकून पायदळाला संगिनी घेऊन सरळ पुढे पाठवावं लागलं. कारण तोफांच्या सामन्यात तो हरला होता. ही ओळ आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवी होती, असं मला फार वाटतं.

इथे एक प्रामाणिक गोष्ट. शेवटच्या दोनेकशे यार्डांत स्क्रूचा फारसा उपयोग नसतो. तिथे गोळा नाही, छर्रे भरलेले डबे उडवायचे, ते पसरतातच. त्या पट्ट्यात इंग्रजांची ७४ वी पलटण चुकून असई गावाकडे भरकटली आणि जवळजवळ संपली. दिवसअखेर वेलस्लीचे ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. एकूण १,५८४. सुमारे ७,००० मधून! गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, तोफेपाशी संगिनींनी मारले गेले. काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठून त्याच तोफा मागून त्यांच्यावर डागल्या. इंग्रज लेखक याला कपट म्हणतात. मी त्याला ड्यूटी म्हणेन.

फिरकी ठीक, हात ठीक. मग बैठक बघूया.

लढाईच्या वेळी दौलतराव आणि रघुजी रणावर नव्हते. त्यांचं प्रचंड घोडदळ बाजूला उभं राहून बघत होतं, पायदळाच्या मदतीला आलं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अधिकारी. युद्ध सुरू होताच गव्हर्नर जनरलने, जो आर्थरचाच थोरला भाऊ होता, जाहीरनामा काढला : शिंद्यांची नोकरी सोडून या, कंपनी पगार देईल. अनेक जण गेले, ब्रिटिश अधिकारी तर मोठ्या संख्येने. खुद्द सरसेनापती पेराँ सप्टेंबरच्या सुरुवातीलाच लेककडे गेला. पोहलमन असईला लढला, पण पुढे तोही कंपनीच्या नोकरीत दिसतो. वीस वर्षं खर्चून उभारलेली फौज, आणि तिला चालवणारा मधला थर पगारावर टिकलेला. तो थर दुसऱ्याने जास्त बोली लावून काढून घेतला. रँडॉल्फ कूपर या इतिहासकाराने २००३ मध्ये या युद्धावर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यातही मुद्दा हाच की मराठ्यांचं तंत्र मागे नव्हतं, तुटला तो नोकरशाहीचा आणि पैशाचा सांधा.

थोडाफार दोष यंत्रात नव्हताच असंही मी म्हणत नाही. मोठा तोफखाना म्हणजे जड फौज, पायदळ मागे हटलं की तोफा तिथेच राहतात. त्या दिवशी ९८ तोफा असईच्या शेतांत राहिल्या.

जाता जाता एक गंमत. रायफलवर दुर्बीण बसवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत डेव्हिड डेव्हिडसन हे नाव येतं. हा कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी. त्याची दुर्बीण १८६० च्या दशकात व्हिटवर्थ रायफलींवर, डाव्या बाजूला बसवली जायची आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी ती वापरली. त्या काळी नेम बदलायचा म्हणजे अख्खी दुर्बीणच वर-खाली करायची. स्क्रू दुर्बिणीच्या आत गेला तो पुढे, विसाव्या शतकात. आणि आत गेल्यामुळेच माझ्यासारख्यांना काय बिघडलंय ते दिसत नाही.

म्हातारपणी वेलिंग्टनला कुणीतरी विचारलं होतं, तुम्ही लढाईत केलेलं सगळ्यात चांगलं काम कुठलं? त्याने वॉटर्लू नाही सांगितलं. एकच शब्द म्हणाला, असई.

काकांना मी हे सगळं बांधावर बसून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग ती कॅनची पट्टी काढून ठेवलीस का? स्कोप परत आल्यावर लागंल." ठेवलीय. पुढच्या भागात भेटूच.