तानसाचा रानपिंगळा : एका नोंदीची चिकित्सा

शिलालेख, ताम्रपट व दप्तरें यांप्रमाणें पक्ष्याचें जतन केलेलें कातडें व त्याचें छायाचित्र हींहि इतिहासाचीं साधनें होत. आणि बनावट कागदाची भीति जशी तेथें, तशीच येथेंहि आहे. शहापूर तालुक्याशीं संबंध आलेलें रानपिंगळ्याचें प्रकरण या दृष्टीनें विचारांत घेण्याजोगें आहे.

गांवाशेजारचा ठिपकेदार पिंगळा सर्वांस ठाऊक आहे. रानपिंगळा त्याहून निराळा. त्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पायांवर दाट पिसें असतात व तो दिवसाहि वावरतो. ए. ओ. ह्यूम यांनीं इ. स. १८७३ मध्यें त्याचें प्रथम वर्णन केलें. पुढें खानदेशांत मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनीं त्याचे कांहीं नमुने मिळविले. इ. स. १८८४ नंतर मात्र त्याची विश्वसनीय नोंद आढळेना.

अपवाद म्हणून एकच नमुना दाखविला जात असे. कर्नल मायनर्ट्झहागेन यांच्या संग्रहांतील त्या नमुन्याच्या चिठ्ठीवर इ. स. १९१४ हें साल व तापीकांठचें मांडवी हें स्थळ होतें. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनीं कातडें भरण्याची धाटणी तपासली, तेव्हां तो नमुना मूळचा डेव्हिडसन यांचा असून, चोरून व पुन्हां भरून त्यास खोटी चिठ्ठी लाविलेली होती, असें निष्पन्न झालें. इ. स. १९६८ चें एक छायाचित्रहि बारकाईनें पाहतां ग्राह्य ठरलें नाहीं. खोटी नोंद बाजूस सारून खऱ्या स्थळांचा मागोवा घेतला, तेव्हां २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सातपुड्याच्या पायथ्याशीं शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत दिसला, व त्याचें छायाचित्रहि घेण्यांत आलें.

पुढें ऑक्टोबर २०१४ मध्यें तानसा अभयारण्यांत त्याचें छायाचित्र मिळालें. इ. स. १८९२ पासून मुंबईस पाणी पुरविणाऱ्या तलावाभोंवतालचें हें रान; तेथें हा पक्षी असल्याची नोंद पूर्वीं नव्हती. तो तेथें नव्याच आला असें यावरून म्हणतां येत नाहीं. नोंदीचा अभाव म्हणजे वस्तूचा अभाव नव्हे, हा आमच्या शास्त्राचा नियम येथेंहि लागू पडतो.

खोट्या चिठ्ठीनें शोध भलतीकडे वळतो, आणि नोंदच नसली तर रान तुटतांना त्याच्या बाजूनें पुरावा उरत नाहीं. म्हणून शहापूर-मुरबाडच्या रानांत छायाचित्र घेणारांनीं त्यासोबत तारीख, स्थळ व घेणाराचें नांव लिहून ठेवावें, अशी आमची विनंति आहे. तेंच उद्यांचें दप्तर होय.