शीळ, भोंगा आणि बिनचालकाची टॅक्सी

शहरातल्या गोंगाटाचा इतिहास सांगू लागले म्हणजे बहुतेक जण यंत्रांची यादी वाचतात: आगगाडी, मोटार, ध्वनिक्षेपक. आमच्या मते ही यादी अपुरी आहे. प्रत्येक आवाजामागे कोणी तरी माणूस उभा असे. आणि ज्याची झोपमोड झाली त्याला त्या माणसापर्यंत पोचता येते की नाही, यावर तंट्याचा निकाल पुष्कळदा लागत आला आहे. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात बिनचालकाच्या टॅक्सींवरून जे तंटे उद्भवले, त्यांच्याकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो.

आधी थोडे मागे जाऊ. न्यूयॉर्क शहरात हडसन नदीकाठी ज्यूलिया बार्नेट राइस नावाच्या बाई राहत. नदीत ओढबोटी रात्रभर शिट्ट्या फुंकत. बाईंनी कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी बसवून त्या मोजून घेतल्या. एका रात्रीत सुमारे ३,००० भरल्या! मौज अशी की त्यांतल्या पुष्कळशा धोक्याच्या नव्हत्याच. ओळखीच्या बोटीला रामराम घालायचा, किनाऱ्यावर रेंगाळलेल्या खलाशाला हाक मारायची, एवढ्यासाठी शीळ वाजे. १९०६ साली बाईंनी अनावश्यक गोंगाटाविरुद्ध मंडळ स्थापले आणि १९०७ साली अमेरिकन काँग्रेसने या शिट्ट्यांना आळा घालणारा कायदा केला. बाई श्रीमंत होत्या, त्यामुळे त्यांचे लौकर ऐकले गेले, हेही खरे. पण शीळ फुंकणारा कप्तान दाखवता येत होता, ही गोष्ट त्याहून महत्त्वाची.

आमच्या गिरणगावातला भोंगा तर हजारो घरांना पहाटे उठवी. त्याच्याविरुद्ध कोणी मोर्चा काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही, कारण त्या आवाजात भाकरी होती. आणि गिरणीत काही बिनसलेच, तर दारावर सभा घेता येई. आत जॉबर होता, मॅनेजर होता. शिव्या खायला का होईना, कोणी तरी होते.

आता सॅन फ्रान्सिस्कोत येऊ. २०२१ साली तिथे वेमो या कंपनीच्या स्वयंचलित मोटारींची चाचणी चालू होती. गूगल ज्या उद्योगसमूहातली, त्याच समूहातली ही कंपनी. पंधराव्या अव्हेन्यूच्या एका बंद टोकाला या मोटारी येत, मागेपुढे करून वळत आणि परत जात. रहिवाशांच्या सांगण्याप्रमाणे काही दिवशी पन्नासपर्यंत फेऱ्या होत. त्या वेळी गाडीत देखरेखीला चालक बसत असे. लोकांनी त्याला विचारले, तर उत्तर मिळे की गाडीला तसा हुकूम भरलेला आहे, आम्ही आमचे काम करतो. जवळचा लेक स्ट्रीट संथ रहदारीचा ठरविला होता, म्हणून गाड्या तो टाळत होत्या, असा खुलासा कंपनीने पुढे केला. आम्हांला त्या चालकाचे उत्तर फार बोलके वाटते. माणूस जागेवर होता, पण जबाब त्याच्या हातून केव्हाच निघून गेला होता.

पुढे माणूसही गेला. १० ऑगस्ट २०२३ रोजी राज्याच्या आयोगाने ३ विरुद्ध १ मतांनी बिनचालकाच्या टॅक्सींना शहरभर, दिवसरात्र, पैसे घेऊन धंदा करण्याची परवानगी दिली. शहराच्या अग्निशामक दलाची हरकत होती; पण परवाना देणे शहराच्या हातात नव्हते, राज्याच्या होते.

२०२४ च्या उन्हाळ्यात त्याच शहरात वेमोने एका मोकळ्या जागेत गाड्यांचा तळ केला. रात्री गिऱ्हाईक कमी झाले की रिकाम्या गाड्या तिथे येऊन लागत. दुसरी गाडी मागे येता येता फार जवळ आली तर टक्कर टाळण्यासाठी हॉर्न वाजवावा, असा हुकूम त्यांना दिलेला होता. हुकूम शहाणपणाचाच होता. परंतु तळावर सगळ्या गाड्या एकाच घरच्या, आणि सगळ्याच मागे सरणाऱ्या! पहाटे चारला त्या एकमेकींना दटावू लागल्या आणि भोवतालच्या इमारती जाग्या झाल्या. न्यूयॉर्कच्या कप्तानाला निदान दोस्ताला रामराम घालायचा होता. इथे कोणाला काहीच म्हणायचे नव्हते. वृत्तपत्रांत बोभाटा झाल्यावर ऑगस्टमध्ये कंपनीने तो हुकूम दुरुस्त केला.

सॅन्टा मोनिकाचे प्रकरण याहून बिकट आहे. तिथल्या विद्युतभरणाच्या तळांवर मागे सरणाऱ्या गाड्यांची टीं-टीं रात्रभर चाले, आणि त्यात गाड्या झाडणाऱ्या यंत्रांची घरघर. विजेच्या गाड्या मुळात फार शांत. आंधळ्यांना त्या ऐकू येत नाहीत, म्हणून त्यांनी मंद गतीत आवाज केलाच पाहिजे, असा कायदा अमेरिकेत २०११ च्या जानेवारीत मंजूर झाला. त्याची मागणी आंधळ्यांच्या संघटनांनीच लावून धरली होती, आणि ती रास्त होती. म्हणजे रस्त्यावर एकाचे प्राण वाचवणारा आवाज खिडकीखाली दुसऱ्याची झोप उडवू शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये शहराने रात्रीचे काम थांबवण्यास फर्मावले. डिसेंबरमध्ये वाद न्यायालयात गेला. आम्हांला मात्र त्या झाडणाऱ्यांची आठवण राहते. गाडीतून माणूस गेला म्हणतात, तो गेलेला नाही. रात्रपाळीला तळावर आहे, आणि शेजाऱ्यांचा राग ऐकायला समोर तोच.

सप्टेंबर २०२५ मध्ये सॅन ब्रूनो गावच्या पोलिसांनी नियमबाह्य वळण घेणारी अशी एक टॅक्सी अडवली. आत कोणी नव्हते. दंडाची पावती चालकाच्या नावे फाडायची असते, म्हणून ती फाडताच आली नाही. यावर उपाय करणारा कायदा राज्याने वर्षभर आधीच, २०२४ साली, केला होता; १ जुलै २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली. रहदारीचा नियम मोडल्यास पोलिसाने थेट कंपनीच्या नावे नोटीस द्यावी, अशी तजवीज त्यात आहे. शिवाय कंपनीने अष्टौप्रहर एक टेलिफोन चालू ठेवावा आणि त्यावर माणूस बसवावा, असेही कलम आहे. हा टेलिफोन आग विझवणाऱ्यांसाठी, पोलिसांसाठी आणि अशाच तातडीच्या कामांवरच्या लोकांसाठी आहे. पहाटे चारला जाग्या झालेल्या भाडेकरूसाठी नाही.